धुळ्याच्या तुरुंगातील अठरा रविवार

व्याख्यानाला उभे राहणाऱ्याची खरी पंचाईत आरंभी होत नाही. आरंभ पाठ करता येतो, शेवटही करता येतो. पंचाईत होते ती मधल्या मजकुराची. आमच्या महाविद्यालयातली मुले वक्तृत्वस्पर्धेला निघाली की हमखास विचारतात, "सर, मुद्दे किती घेऊ?" मी म्हणतो, आधी धुळ्याला जाऊन या. म्हणजे मनानेच जायचे, आणि तेही सन १९३२ मधल्या धुळ्याला.

त्या वर्षी कायदेभंगाच्या चळवळीतले सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावे त्यांत होते, जमनालाल बजाज होते, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकी १९३० साली सोडून चळवळीत पडलेले साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेवर बोलायला आरंभ केला आणि १९ जूनच्या रविवारी समाप्ती केली. मोजून पाहा, बरोबर अठरा रविवार भरतात. दर रविवारी एक अध्याय.

आता हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही बरं का! बाराव्या अध्यायात श्लोक वीस, अठराव्यात अठ्ठ्याहत्तर; पण वाट्याला दोघांच्याही रविवार एकेकच. श्लोकामागून श्लोक घेऊन अर्थ सांगत बसले असते तर हे गणित कधीच जमले नसते. तेव्हा पुष्कळसे सोडणे आले. काय सोडायचे हे ज्याला ठरवता येते त्याचाच मजकूर जागच्या जागी बसतो, असे माझे मत आहे.

पहिलाच अध्याय घ्या. सैन्याची नावे, शंखांची नावे यांत विनोबा रेंगाळत नाहीत. ते एकच प्रश्न उचलतात: अर्जुनाला खरोखरच हिंसेचा वीट आला होता का? आणि उत्तरादाखल एक न्यायाधीश उभा करतात. शेकडो लोकांना फाशी सुनावलेला हा गृहस्थ, स्वतःचा मुलगा खुनाच्या आरोपाखाली समोर आला तेव्हा फाशीची शिक्षाच कशी अमानुष आहे हे सांगू लागतो. झाले! अर्जुनाला हिंसा नको होती असे नाही, त्याला नातलगांची हिंसा नको होती. आता ऐकणारे कोण होते ते आठवा. घरदार, बायकामुले मागे टाकून आलेली ही माणसे. बाहेर एखाद्याची आई आजारी असेल, एखाद्याचे शेत पडीक राहिले असेल. माफी मागून सुटावे, असा विचार ज्याच्या मनात येऊन गेला असेल त्याला तो न्यायाधीश परका वाटला असेल का?

दुसऱ्या रविवारी विनोबांनी सगळी शिदोरीच सोडली. आत्मा अमर, देह नश्वर, स्वधर्म टाळता येत नाही, हे तीन सिद्धांत. ते आचरणात आणण्याची कला म्हणजे फलत्याग. आणि ती कला साधलेला माणूस, म्हणजे स्थितप्रज्ञ. पुढचे अध्याय यातलेच एकेक सूत्र उलगडत जातात. आम्ही मास्तर लोक उत्तम ते शेवटी ठेवतो, आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा होते! तुरुंगातला श्रोता तर आज आहे नि उद्या दुसऱ्या तुरुंगात, किंवा सुटून घरी. त्याला पहिल्या पंधरवड्यातच गाभा मिळालेला बरा.

नवव्या अध्यायाच्या दिवशी, १७ एप्रिलला, विनोबांचा घसा दुखत होता. दुसऱ्या कोणी क्षमा मागून विषय चालू केला असता. विनोबांना थोरल्या माधवराव पेशव्यांची शेवटची घटका आठवली: खोकल्यामुळे रामनाम घेता येईना म्हणून दुसरा आजार पत्करायला तयार झालेला तो पुरुष. घशाच्या तक्रारीवरून व्याख्यान थेट भक्तीत शिरले आणि सांधा कोठे जोडला ते कळलेसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मात्र ते थांबले. पूर्वार्ध झाला, उत्तरार्धात शिरण्याआधी झालेल्याची उजळणी करू, म्हणून मागचे सगळे थोडक्यात सांगितले. आपल्या कीर्तनात पूर्वरंग संपला की नामघोष होतो, बुवा दम घेतात, मंडळी मांडी बदलून बसतात, आणि मग आख्यान लागते. तसाच हा विसावा. अठराव्या अध्यायात मला थोडी दाटी वाटते खरी, पण असो. सगळा पसारा आवरायचा दिवस होता तो.

आणि हे आपल्याला कळले कसे? साने गुरुजींनी ऐकता ऐकता सगळे लिहून घेतले म्हणून! बोलणाऱ्याच्या मनात गुंता असता तर लिहिणाऱ्याचा हात अडखळला असता. हे मी अनुभवाने सांगतो. मागे एकदा माझ्याच व्याख्यानाची एका विद्यार्थ्याने काढलेली टिपणे मी हौसेने मागून घेतली. वहीत एक विनोद, दोन सनावळ्या आणि कोपऱ्यात बैलाचे चित्र होते. चित्र चांगले होते.

गुरुजींची टिपणे पुढे 'गीता-प्रवचने' या पुस्तकाच्या रूपाने घरोघर गेली. धुळ्याचा शेवटचा रविवार झाल्याला आठ महिनेही झाले नव्हते, तेव्हा, फेब्रुवारी १९३३ मध्ये, गुरुजी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहायला बसले. आश्रमात प्रार्थना झाल्यावर मंडळी जमतात आणि श्याम बोलू लागतो, अशी त्याची मांडणी आहे. एका रात्री एक आठवण.