महापूर आणि शेजारधर्म : पेडणे-डिचोलीच्या इतिहासातून काही बोध

संकटकाळी समाजाचे शील उघड होते, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु ते शील कोठे व केव्हा घडते, याचा विचार आपल्या हातून क्वचितच होतो. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांचा इतिहास या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो. म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज सत्तेखाली आले. तिसवाडी, बार्देश व साष्टी यांच्या मानाने येथील ख्रिस्ती वस्ती थोडी. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा. डिचोलीत वाळवंटी व मांडवी. नदीकाठच्या मनुष्याला पाणी हे अन्नही देते आणि भयही.

या भयाला गोव्याने दिलेले जुने उत्तर म्हणजे खाजन शेती. भरतीचे खारे पाणी अडविणारा मातीचा बांध आणि पाण्याची ये-जा राखणारी मानस यांवर साऱ्या गावाचे पीक अवलंबून असे. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले तर शेजाऱ्याचेही शेत खारे होई. म्हणून बांधाची राखण हे सामायिक कर्तव्य ठरले. गावकरीच्या अशा रूढी अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये लिहून काढल्या. अर्थात त्या पोर्तुगीजांच्या पूर्वीपासून चालत आलेल्या होत्या. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी बहुतांशी कुळांच्या संघटनांकडे गेली; कित्येक ठिकाणी शेती पडीक राहिली आणि बांधही खचले. येथे पहिला बोध मिळतो : पुराच्या रात्री धावून जाणे सोपे असते, कोरड्या दिवसांत बांधावर माती टाकणे कठीण असते. खरे शील या दुसऱ्या कामात घडते.

दुसरा बोध तिळारीचा. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात उभारलेले हे धरण गोवा व महाराष्ट्र यांचा संयुक्त प्रकल्प. त्याच्या कालव्यांनी पेडणे, डिचोली व बार्देश यांना पाणी मिळते. या पाण्यासाठी दोडामार्गातील गावे उठली, कुटुंबे विस्थापित झाली. तीच तिळारी गोव्यात शापोरा होऊन वाहते. ऑगस्ट २०१९ मध्ये धरणातून पाणी सोडले गेले, तेव्हा पेडण्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल आणि डिचोलीतील साळ या परिसराला पुराने वेढले. वरच्यांनी जमीन दिली, खालच्यांनी पूर सोसला. सरकारी सीमा नदीला ठाऊक नाही. मग शेजारधर्माने तरी ती का मानावी? पाणी सोडण्यापूर्वी खालच्या गावाला वेळेवर सूचना मिळणे आणि विस्थापितांना न्याय मिळणे, ही दोन्ही एकाच शेजारधर्माची अंगे आहेत.

२३ जुलै २०२१ च्या पुरात गोव्यातील सुमारे हजार घरांची हानी झाली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी त्या वेळी सांगितले. ज्या महामारीने माणसाला माणसापासून दूर राहावयास शिकविले होते, तिच्याच काळात शेजाऱ्याला घरात घेण्याची वेळ आली. अशा वेळी दार उघडणारा मनुष्य समोरच्याचा धर्म वा जात विचारीत बसत नाही.

तथापि पुराचे सारे दायित्व आभाळावर टाकणे प्रामाणिकपणाचे नव्हे. डिचोलीत लोहखनिजासाठी डोंगर पोखरले गेले; टाकाऊ मातीचे ढिगारे पावसात वाहून शेतांत व ओहोळांत उतरले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, परंतु रचलेले ढीग त्याबरोबर नाहीसे झाले नाहीत. खाणीवर पोट असलेली कुटुंबे आणि गाळाने शेत गमावलेली कुटुंबे एकाच गावात राहतात, हेही विसरून चालणार नाही.

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यासाठी येथे एक कसोटी आहे. आपत्तीनंतर लोक विचारतात, 'हे कोणाच्या पापाचे फळ?' शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्यांविषयी प्रभूने हा तर्क स्पष्टपणे नाकारला आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे वळविले. तेव्हा बुडालेल्यांना दोष देणे आपल्याला शोभत नाही. तसेच 'देवाची इच्छा' म्हणून मनुष्याची हयगय झाकणेही शोभत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात दुष्काळाची पूर्वसूचना मिळताच अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांसाठी मदत पाठविली. ती सूचनेबरोबर निघाली, दूरच्यांसाठी निघाली, आणि तिच्यात प्रत्येकाचा वाटा होता.

आपल्या धर्मग्रामात पावसाळ्यापूर्वी एवढे तरी विचारले जावे : नदीकाठी एकटे राहणारे वृद्ध कोण? सूचना आली तर त्यांच्यापर्यंत कोण जाईल? बांध कोठे खचला आहे, आणि तो बांधण्यासाठी आपण अन्यधर्मीय शेजाऱ्यांबरोबर उभे राहू का? या प्रश्नांची उत्तरे मे महिन्यात मिळाली, तर जुलै महिन्यात आपले शील निराळे सिद्ध करावे लागणार नाही.