सातारा–सांगली, तास शून्य

तास ०. साताऱ्याहून सुटलेली सांगली एसटी. पाऊस, म्हणून काचा ओढलेल्या. मागच्या बाकावर कुणी खोकतं. मोठे थेंब खाली बसतात, दोन-तीन मायक्रॉनचे तरंगत राहतात. (प्रवासी माझ्या कल्पनेतला, क्षयाच्या जंतूचं वागणं खरं.)

तास २. कऱ्हाड मागं पडलं. पुढच्या बाकावरच्या तरुणाच्या वायुकोशात एक कण उतरलाय. तिथली भक्षक पेशी त्यातल्या जंतूला गिळते. गिळलेल्या जंतूच्या पिशवीला पाचक रसांची पिशवी जोडायची, की काम फत्ते. हा मेणचट अंगाचा पाहुणा ती जोडणीच होऊ देत नाही. गिळला, पण पचला नाही.

तास २४. एकाचे दोन. आतड्यातले काही जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. याला जवळजवळ दिवस लागतो. ताप नाही, खोकला नाही.

तास २४०. पेशी फुटते. सांडलेले जंतू खायला नव्या पेशी धावतात आणि त्यांची नवी बिऱ्हाडं होतात. लसिकाग्रंथीत वर्दी पोचायला इतके दिवस! या सगळ्या प्रकरणात मला हा उशीरच सर्वांत जास्त खटकतो.

तास १,०००. टी-पेशी आल्या. त्यांच्या गॅमा इंटरफेरॉननं भक्षक पेशींना चेव येतो, जंतूंभोवती गाठ बांधली जाते. दहांतल्या नऊ जणांचं प्रकरण इथंच मिटतं. क्षयरुग्णांची जुनी आरोग्यधामं याच गाठीच्या भरवशावर चालत: पाचगणीचं बेल-एअर १९१२चं, मिरजेजवळ वानलेसवाडीचं. औषधं नव्हती तेव्हा तिथली मोकळी हवा, सकस जेवण आणि सक्तीची झोप म्हणजे या गाठीसाठी मागून घेतलेली मुदत.

तास ८,०००. तरुणाचं रात्रपाळीचं काम, अर्धपोटी जेवण, वर न तपासलेली साखर. गाठीचा गाभा खव्यासारखा मऊ पडतो. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेनं साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग पेरले. दुसरा उलटला आणि त्याच फौजेची माणसं ढिगाऱ्याखाली गेली. फुप्फुसातही पोखरण बरीचशी आपल्याच पेशींच्या रसायनांची. गाभा श्वासनलिकेत फुटतो, पोकळी उरते. तिथं हवा भरपूर, जंतू कोट्यवधी.

शेवटचा तास. पहाटे चूळ भरताना फेसात तांबडा धागा. खोकला महिनाभर होताच. घरात सगळे म्हणाले, धुळीचा असेल. आज त्याला साताऱ्याहून परत सांगलीला यायचंय. गाडीत गार लागतं म्हणून तो काच ओढतो.