वरून दिसतं ते रान, आणि रानाचं वजन

चामोर्शीहून घोटच्या दिशेनं निघालं की धानाची शेतं मागं पडतात आणि रान सुरू होतं. या भागातल्या रानात लाकूड किती, हा प्रश्न जुना आहे. इंग्रजांच्या वनखात्यानं तो सागासाठी विचारला, पुढं बल्लारपूरच्या कागद कारखान्यामुळं बांबूसाठी विचारला गेला. झाड मोजण्याची रीत साधी होती. माणसानं रानात शिरायचं आणि छातीच्या उंचीवर बुंध्याला फीत गुंडाळायची.

१९७२ साली अमेरिकेनं लँडसॅट उपग्रह सोडला आणि रान वरून दिसू लागलं. त्याच्या चित्रांवरून हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेनं १९८०-८२ मधलं जंगल देशाच्या १४.१० टक्के भूभागावर असल्याचं सांगितलं. साधारण त्याच काळातल्या चित्रांवरून भारतीय वन सर्वेक्षणाच्या १९८७च्या अहवालात आकडा आला सुमारे साडेएकोणीस टक्के! पुढं दोन्ही संस्थांनी बसून मेळ घातला. चित्र उपग्रह देतो, पण जंगल कशाला म्हणायचं ते माणूस ठरवतो, हा त्यातला धडा.

आपल्याकडं याला आणखी एक पदर आहे. १९७४ साली राज्याचं वन विकास महामंडळ स्थापन झालं. चंद्रपूर-गडचिरोलीत मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची लागवड झाली. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक जागेवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलं की ते वनाच्छादन. झाड कोणतं, हा प्रश्नच नाही. म्हणजे नकाशात दोन्ही हिरवंच.

पण हिरवाई म्हणजे वजन नव्हे. झाडांच्या वाळलेल्या वजनाला जैवभार म्हणतात. त्यातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. छत्र एकदा मिटलं की चित्रातली हिरवाई फारशी वाढत नाही. बुंधा मात्र वर्षानुवर्षं जाडावत राहतो. म्हणून रडार आलं. त्याच्या लांब लहरी पानांतून आत शिरतात आणि फांद्या-बुंध्यांवरून परततात. २०२५च्या एप्रिलमध्ये युरोपचा 'बायोमास' आणि जुलैमध्ये श्रीहरिकोट्याहून 'निसार' असे दोन रडार उपग्रह अवकाशात गेले.

तरीही परतलेल्या लहरीचे किलो करायचे, तर जमिनीवर नमुन्याची झाडं मोजावीच लागतात. तीच जुनी फीत! लाकडाची घनता जातीनुसार बदलते, म्हणून झाडाची जातही ओळखावी लागते.

उद्या या वजनावर कार्बनचे पैसे ठरणार असतील, तर फीत कोणाच्या हाती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मोजणीत अशा ग्रामसभा हव्यातच. वजनाच्या तक्त्यात मोह आणि साग एकाच रकान्यात बसतील. पण चैत्रातल्या पहाटे गावातली बाई टोपली घेऊन जाते, ती मोहाखालीच.