बंदुकीचा घोडा आणि बडोद्याचे राज्य

बंदुकीची नळी म्हणजे शेवटी एक लोखंडी नळकांडे होय. गेल्या चार शतकांत तिची लांबी बदलली, आतल्या भागात पेच पडले, पोलादही सुधारले. तथापि दारू पेटावी आणि गोळी पुढे जावी हे मूळ कार्य तेच राहिले. खरा पालट झाला तो दारूपर्यंत ठिणगी पोहोचविण्याच्या युक्तीत. जळता तोडा, चकमक, टोपी, काडतूस आणि अखेरीस घोड्यावाचून चालणारे पिस्तूल, अशा या युक्तीच्या पायऱ्या आहेत. बडोद्याच्या इतिहासात यांतील बहुतेक पायऱ्या दिसतात, आणि त्यांबरोबर आणखी एक गोष्टही दिसते. नवी कळ कोणाच्या हाती द्यावयाची आणि जुनी कोणाच्या हाती ठेवावयाची, हा प्रश्न कारागिराचा नसून राज्यकर्त्याचा असतो.

दमाजीराव गायकवाडांनी १७३४ साली बडोदे जिंकून घेतले, तेव्हा गायकवाडांचे बळ घोडदळात होते. बंदूक होती ती तोड्याची. सोऱ्याच्या पाण्यात मुरविलेली सुताची वात, म्हणजे जामगी, पेटती ठेवावयाची. चाप ओढला की ती रंजकावर टेकून कानावाटे आग आत जावयाची. ही बंदूक लांब नळीची व नेमाला चांगली असे, आणि कोणत्याही गावच्या लोहाराला ती दुरुस्त करता येई. उणेपणा एवढाच की वात अखंड जळती ठेवावी लागे. पावसात ती विझे, रात्री तिचा निखारा शत्रूला ठिकाण दाखवी, आणि दारूच्या पिशवीजवळ ती बाळगणाराच अनेकदा भाजून निघे.

१७६१ साली पानिपतावर दमाजीराव गायकवाड ज्या डाव्या बगलेवर लढले, तेथेच इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी उभ्या होत्या. फ्रेंच धर्तीवर शिकविलेल्या या पायदळाकडे चकमकीच्या बंदुका होत्या. घोड्याच्या तोंडात धरलेली गार पोलादावर आपटे आणि ठिणग्या रंजकावर पडत. वातीची कटकट गेली, शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू शकले, बार लवकर भरता येऊ लागले. मात्र गार झिजली की बार हुकावयाचा. यास्तव चकमकीचा खरा लाभ एकट्या बंदुकीचा नव्हता, तर कवायतीचा होता. शंभर जणांतून दहांचे बार हुकले तरी नव्वदांचे एका हुकमासरशी सुटत. दमाजीराव त्या रणातून परत आले, परंतु गारद्यांसारखी पलटण बडोद्यात उभी राहिली नाही.

तिची जागा भाडोत्री अरबांनी घेतली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बडोद्याचे दरवाजे अरब जमादारांच्या ताब्यात होते, आणि त्यांची जामगीची बंदूक हेच राज्यातले सर्वांत विश्वासाचे चलन होते. सावकाराने दरबारास कर्ज द्यावयाचे तर अरब जमादाराची बहांदरी, म्हणजे हमी, लागे. बंदूक ज्याची त्याचा शब्द खरा, असा तो व्यवहार होता. १८०२ साली आनंदराव गायकवाड व दिवाण रावजी आपाजी यांनी मुंबईकर इंग्रजांची मदत मागितली आणि मेजर वॉकर गुजरातेत आला. थकलेल्या पगारासाठी अरबांनी बंड करून खुद्द महाराजांनाच अडकवून ठेवले. त्या वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजी फौजेने दहा दिवस शहरास वेढा दिला, आणि अरबांनी थकबाकी घेऊन शहर सोडण्याचे कबूल केले.

या प्रसंगी चकमकीने जामगीला जिंकले असे म्हणणे सोपे आहे. पण ते अर्धेच खरे ठरेल. तटाआडून नेम धरणारा अरब पुष्कळ वेळा अधिक अचूक होता. इंग्रजांचे बळ त्यांच्या तोफखान्यात, वेळेवर मिळणाऱ्या पगारात आणि एका हुकमाखाली चालणाऱ्या रांगेत होते. परिणाम मात्र दूरगामी झाला. अरबांची बहांदरी गेली आणि तिच्या जागी इंग्रजांची बहांदरी आली. १८०५ च्या तहान्वये तीन हजार पायदळ व गोऱ्या गोलंदाजांची एक कंपनी यांचा खर्च गायकवाडांनी मुलूख तोडून देऊन सोसावयाचा ठरला. राज्याच्या संरक्षणाची बंदूक आता राज्याची राहिली नाही.

पुढची पायरी स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाने घडविली. अलेक्झांडर फोर्साइथ यास शिकारीचा नाद होता. चकमकीचा प्रकाश पाहून पक्षी बार सुटण्याआधीच उडून जातात, हे त्याने हेरले आणि आघाताने पेटणाऱ्या दारूचा उपयोग शोधला; १८०७ साली त्यास पेटंट मिळाले. त्यातूनच तांब्याची छोटी टोपी निघाली. घोडा आता ठिणगी पाडीत नव्हता, टोपीवर हातोडीसारखा आपटत होता. पाऊस आणि वारा यांची भीती संपली. कालांतराने टोपी, दारू व गोळी एकाच काडतुसात आली आणि बंदूक मागून भरता येऊ लागली.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने एक धोरण कटाक्षाने पाळले. हिंदी शिपायाचे हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्यारापेक्षा एक पिढी मागे ठेवावयाचे. गोऱ्याच्या हाती पेचदार नळी असताना हिंदी शिपायास गुळगुळीत नळी मिळाली. पुढे हिंदी पलटणींना स्नायडर बंदुका मिळाल्या, तेव्हा गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली होती. या दोहोंतील भेद पाहण्यासारखा आहे. स्नायडरला बाहेर घोडा होता. मार्टिनीला तो नव्हता. तिच्या पोटात स्प्रिंगच्या जोरावर सरळ पुढे जाऊन काडतुसावर आदळणारी एक सुई होती. या सुईलाच आज स्ट्रायकर म्हणतात. घोडा असलेली बंदूक जिताच्या हाती आणि घोडा नसलेली जेत्याच्या हाती, असे ते वाटप होते. संस्थानी फौजांची गत याहून मागची होती.

अशा वेळी बडोद्याच्या दरबाराने हत्यारांची जी स्पर्धा मांडली, ती निराळीच होती. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करविल्या. १८७० च्या अखेरीस त्यांच्यामागून त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. खंडेरावांनी त्यांस पादऱ्यास कैदेत ठेविले होते. चांदीवर मात करण्यासाठी मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या. त्याच १८७० साली युरोपात प्रशियाच्या मागून भरावयाच्या पोलादी क्रुप तोफांनी फ्रेंचांच्या तोंडाकडून भरावयाच्या पितळी तोफा निकामी ठरविल्या होत्या. तिकडे तोफेचे मोल तिच्या पल्ल्यावर ठरत होते, इकडे ते धातूवर ठरत होते. याला केवळ राजाचा छांदिष्टपणा म्हणणे न्यायाचे होणार नाही. ज्या राज्यास लढाईचा अधिकारच उरला नव्हता, त्याची तोफ सलामीपुरतीच उरणार, आणि सलामीच्या तोफेला शोभेखेरीज दुसरे प्रयोजन नव्हते. रेसिडेंट कर्नल फेअर यांस विष घालण्याचा आरोप आला, तेव्हा सोन्याच्या तोफा मल्हाररावांना वाचवू शकल्या नाहीत. चौकशी मंडळाच्या सहा सभासदांत तीन-तीन असे मत पडले, तरी १८७५ साली त्यांस पदच्युत करून मद्रासला धाडण्यात आले.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा झाला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. लष्करी शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणाला संस्थानी फौज हाच मार्ग उरला. बडोद्याच्या नोकरीत असलेल्या अरविंद घोषांच्या साह्याने जतींद्रनाथ बॅनर्जी बडोद्याच्या सैन्यात शिरले आणि पुढे बंगालात क्रांतिकार्यास गेले, ते यामुळेच.

याच काळात बेल्जियममधील एर्स्तालच्या कारखान्यातून जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचे १९०० च्या नमुन्याचे पिस्तूल बाहेर पडले. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरला फिरते चक्र आणि बाहेर आलेला घोडा असे. या पिस्तुलाला घोडाच नव्हता. सुई आत दडलेली, सात काडतुसे दस्त्यात, आणि बार सुटला की त्याच्याच धक्क्याने पुढचे काडतूस नळीशी येई. चपटे असल्याने ते कोटाच्या खिशात मावे आणि कापडात अडकत नसे. जुन्याच्या बाजूनेही बोलावयास हवे. घोडा चढला आहे की उतरला आहे, हे रिव्हॉल्व्हरकडे पाहताच कळते, आणि एक काडतूस हुकले तर चाप पुन्हा ओढला की दुसरे पुढे येते. स्ट्रायकरच्या पिस्तुलात जे घडते ते दृष्टीआड घडते.

या छोट्या हत्याराने साम्राज्यांचा हिशेब विस्कटला. ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिन येथे आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने जपानच्या इतो हिरोबुमीवर ब्राउनिंगच झाडले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला मारले. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून पाठविली होती. कान्हेऱ्यांच्या हातचे पिस्तूल त्यांतलेच. पलटणींना एक पिढी मागे ठेवणाऱ्या सरकारसमोर एक कोवळा मुलगा जगातले अद्ययावत हत्यार घेऊन उभा राहिला. किंमतही तशीच मोजावी लागली. मारला गेला तो संस्कृताचा व्यासंग असलेला अधिकारी. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यास कान्हेरे, कर्वे व देशपांडे फासावर गेले, आणि सावरकरांना जन्मठेप झाली.

स्ट्रायकरची कल्पना मात्र टिकली. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेले ग्लॉक पिस्तूल सांगाड्याने प्लास्टिकच्या जातीचे असले, तरी त्याच्या पोटात तीच सुई आहे. भारतीय सैन्याने दीर्घकाळ वापरलेले ईशापूरचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूलही ब्राउनिंगच्याच घराण्यातले. त्याला घोडा आहे एवढेच. नवे आणि जुने यांतील अंतर वाटते तितके मोठे नसते.

बडोद्यापुरता विचार केला तर शेवटचा शब्द बंदुकीचा नाही. ज्या १९०६ साली अरविंद घोष बडोदे सोडून गेले, त्याच साली सयाजीराव महाराजांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. लढाईचा अधिकार गमावलेल्या गादीवर एक राजा सोन्याची तोफ ओतवून थांबला, तर दुसऱ्याने तहांच्या त्याच चौकटीत शाळा उघडल्या. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा सलामीच्या तोफांचे प्रयोजन संपले होते. अक्षरओळख झालेल्या पिढ्यांचे मात्र तेव्हा कोठे सुरू होत होते.