अवंती-दक्षिणापथाच्या पाच मागण्या

अनित्यता हा बुद्धविचाराचा पाया आहे, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु तिचा विचार बहुधा जरा, व्याधी व मरण यांच्याच संदर्भात केला जातो. माणूस नव्या प्रदेशात गेला, कामाची परिस्थिती बदलली, जुना नियम तेथे अडू लागला, तर त्याने काय करावे, हा प्रश्नही अनित्यतेचाच आहे. भिक्खुसंघापुढे तो अगदी आरंभीच्या काळात उभा राहिला. त्याची नोंद विनयपिटकाच्या महावग्गात आहे आणि तिचा संबंध आपल्याच दिशेच्या प्रदेशाशी, म्हणजे दक्षिणापथाशी आहे.

अवंती देशात कुररघराजवळील पर्वतावर स्थविर महाकच्चान राहत असत. त्यांचा उपासक सोण कुटिकण्ण याने प्रव्रज्येची इच्छा प्रकट केली. एकभुक्त राहून आजन्म ब्रह्मचर्य पाळणे कठीण आहे, असे सांगून स्थविरांनी त्याला दोनदा परावृत्त केले व तिसऱ्यांदा प्रव्रज्या दिली. खरी अडचण पुढे आली. उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा संघ आवश्यक होता, आणि अवंती-दक्षिणापथात भिक्खू फारच थोडे होते. इकडून तिकडून दहा जण जमविण्यास तीन वर्षे लागली. मध्यदेशातील मोठमोठ्या विहारांत जो नियम सहज पाळला जाई, तोच सीमेवरील प्रदेशात संघाची वाढ रोखणारा ठरला.

उपसंपदेनंतर सोण भगवंतांच्या दर्शनासाठी श्रावस्तीस निघाला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर पाच मागण्या पाठविल्या. पहिली अर्थातच उपसंपदेच्या गणसंख्येची. दुसरी पादत्राणांची. तेथील भूमी वर काळी, कठीण व गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली, असे वर्णन त्यात आहे. माळव्याची किंवा आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात अनवाणी तुडविलेल्या वाचकास त्याची सत्यता पटवून द्यावी लागणार नाही. मध्यदेशात एकपदरी वहाणांचा नियम होता. येथे अनेकपदरी वहाणा हव्या होत्या. तिसरी मागणी स्नानाची. मध्यदेशात पंधरा दिवसांच्या आत पुन्हा स्नान करणे सामान्यतः दोषास्पद होते. परंतु अवंतीचे लोक स्नानाला व पाण्याने होणाऱ्या शुद्धीला फार महत्त्व देत. चौथी मागणी मेंढी, बकरी व हरिण यांच्या कातड्यांची. मध्यदेशात अंथरण्यासाठी जसे विशिष्ट गवत वापरले जाई, तशी येथे कातडी वापरली जात. पाचवी चीवराची. सीमेबाहेर गेलेल्या भिक्खूच्या नावे लोक चीवर देत. तो परतल्यावर त्यास ते कळे, पण अतिरिक्त चीवर बाळगण्याची मुदत टळून आपत्ती घडेल, या शंकेने तो ते स्वीकारीत नसे.

भगवंतांनी पाचही मागण्या मान्य केल्या. मात्र त्या कशा मान्य केल्या, हे अधिक महत्त्वाचे आहे. दहा भिक्खूंचा नियम रद्द झाला नाही. तो मध्यदेशात तसाच राहिला. प्रत्यंत जनपदांत पाच भिक्खू पुरेसे ठरले, परंतु त्यांपैकी एक विनयधर असलाच पाहिजे, अशी अट घातली गेली. संख्या घटली तेथे जाणकाराची आवश्यकता स्पष्ट केली गेली. प्रत्यंत म्हणजे कोठून, याबद्दल संदिग्धता राहू नये म्हणून पूर्वेस कजंगल, पश्चिमेस थूण असे करीत मध्यदेशाच्या मर्यादाही निश्चित केल्या गेल्या. चीवराच्या बाबतीत, वस्त्र प्रत्यक्ष हाती येईपर्यंत दिवस मोजू नयेत, असा निर्णय झाला. मागणी करणारे महाकच्चान सवलतीचे लोभी नव्हते. आपल्या भूमीवर तीन वर्षे अडचण सोसून मग त्यांनी प्रश्न मांडला, आणि परवानगी येण्यापूर्वी नियम मोडला नाही.

यावरून प्रत्येक बदल संघाने स्वीकारला, असे कोणी समजू नये. महापरिनिर्वाणापूर्वी भगवंतांनी आनंदास सांगितले होते की, संघाची इच्छा असल्यास त्याने क्षुद्रानुक्षुद्र नियम रद्द करावेत. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत हा विषय निघाला, तेव्हा असे नियम नेमके कोणते, यावर स्थविरांचे एकमत होईना. हे भगवंतांना विचारून का घेतले नाही, म्हणून आनंदास दोषही देण्यात आला. शेवटी महाकस्सपांच्या प्रस्तावानुसार काहीही न वगळण्याचे ठरले. शास्ता गेला तोच नियमही गेले, असे गृहस्थांनी म्हणू नये, हे त्यामागील एक कारण होते. अधिकार हाती असूनही संघाने तो वापरला नाही.

परंपरेनुसार त्यानंतर शंभर वर्षांनी वैशालीत उलट प्रकारचा प्रसंग घडला. वज्जी भिक्खू उपोसथाच्या दिवशी काशाच्या पात्रात पाणी भरून ते संघाच्या मध्ये ठेवीत व उपासकांकडून त्यात कार्षापण मागत. यश काकंडकपुत्त यांनी त्यास विरोध केला. सातशे भिक्खूंच्या सभेत, पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार स्थविरांच्या मंडळापुढे दहा बाबींचा निर्णय झाला. सोने-रुपे स्वीकारणे अमान्य ठरले. एक बाब मात्र विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ‘माझे आचार्य असेच करीत’ एवढ्या आधारावर एखादी गोष्ट करणे योग्य आहे काय, असा तो प्रश्न होता. उत्तर मिळाले की, काही बाबतींत योग्य आहे, काही बाबतींत नाही. केवळ जुनी म्हणून कोणतीही रीत ग्राह्य अथवा त्याज्य ठरत नाही.

या निर्णयानंतर संघ आर्थिक व्यवहारापासून पूर्णपणे अलिप्त राहिला काय? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातील, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील उषवदाताचा शिलालेख वेगळे चित्र दाखवितो. नहपानाच्या या जावयाने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक व १००० वर पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत द्यावयाची नाही, फक्त व्याज वापरावयाचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण नेमून दिले. म्हणजे वर्षाला २४०, आणि २००० चे व्याजही नेमके तेवढेच होते. भांडवल श्रेणीकडे राहिले, लाभ संघाकडे आला. दात्याने धन कप्पियकारकाकडे ठेवावे व भिक्खूने त्यातून केवळ विहित वस्तू घ्यावी, सोने-रुपे मात्र स्वीकारू नये, अशी अनुज्ञा मेंडक गृहपतीच्या प्रसंगी विनयात पूर्वीच आलेली होती. व्यापारी मार्गांवर वसलेल्या दख्खनच्या लेण्यांना ती मोठी उपयोगी पडली असली पाहिजे.

सारांश, बदलास होकार व नकार हे दोन्ही या परंपरेत आहेत, आणि दोहोंपूर्वी विचार आहे. अडचण भूमीची आहे की लोभाची, हे पाहिले गेले. बदल किती व कोठवर, हे ठरविले गेले. तो एकट्याने चोरून न करता संघासमोर मांडला गेला. गाव सोडून शहरात आलेल्या, जुना व्यवसाय सोडून नवा पत्करावा लागलेल्या माणसालाही हीच कसोटी उपयोगी पडेल. काळ्या जमिनीवर चालावयाचे असेल, तर जाड वहाणा मागण्यात कमीपणा नाही. त्या घालून आपण कोठे निघालो आहोत, याचे भान मात्र सुटता कामा नये.