वायपरच्या मोटारीतल्या पाच वायरी

गणपती जवळ आले की मंडळातली पोरं जुन्या बाजारातून वायपरच्या मोटारी उचलून माझ्याकडे आणतात. हलत्या देखाव्यात कालियाचा फणा डोलवायचा तर जोर हवा आणि चाल संथ हवी. बारा व्होल्टवर चालणारी ही मोटार दोन्ही देते. जोडणी शिकवण्याआधी मी तिचा इतिहास सांगतो, कारण तिची एकेक वायर कुठल्या ना कुठल्या अडचणीवर शोधलेला उपाय आहे.

सुरुवातीला मोटार नव्हतीच. १९०३ मध्ये अमेरिकेत मेरी अँडरसन यांनी पेटंट घेतलं ते आतून हाताने दांडा ओढायच्या वायपरचं. पुढे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारे वायपर आले. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम घटायचा आणि भर पावसात पाती मंदावायची. बॉशने १९२६ मध्ये विजेवर चालणारा वायपर आणला, तरी व्हॅक्यूमवाले त्यानंतर कित्येक वर्षं टिकून राहिले.

विजेच्या जुन्या मोटारींत चुंबकाऐवजी फिल्ड कॉइल असे. बॅटरी उलटी जोडली तरी ती मोटार त्याच दिशेने फिरते, कारण कॉइल आणि आर्मेचर दोन्हींतला करंट एकदम उलटतो. १९५० च्या दशकात फेराइटचं स्वस्त चुंबक आलं आणि हळूहळू कॉइल गेली. आपल्याकडे १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस स्थापन झाली आणि गाड्यांचं विजेचं सामान देशात बनू लागलं.

आता मोटार उघडा. काळ्या ग्रीसमध्ये आर्मेचरचा वर्म आणि त्याला लागलेलं मोठं गिअर दिसेल. वेग कमी होऊन जोर वाढतो तो इथे. कार्बन ब्रश तीन. दोन समोरासमोर, तिसरा जरा तिरपा. तिरप्यातून करंट दिला की वाटेत आर्मेचरचे कमी वेढे येतात, म्हणून वेग वाढतो. जोराच्या पावसासाठी केलेली ही सोय मंडपात कामाची नाही. आपण मंद वेगाचीच वायर घ्यायची. अर्थ पुष्कळदा बॉडीलाच असते. अशी मोटार उलटी जोडली तर बॉडीत बारा व्होल्ट येतात आणि तीच लोखंडी सांगाड्यावर बसवली तर शॉर्ट व्हायची भीती. म्हणून फ्यूज हवाच.

उरल्या दोन वायरी पार्किंगच्या. पाती काचेच्या मध्यावर थांबली तर ड्रायव्हरच्या नजरेआड रस्ता जातो, म्हणून गिअरवर तांब्याची चकती बसवली. स्विच बंद केला तरी या चकतीतून करंट मिळत राहतो. पाती खाली आली की तो तुटतो, मंद ब्रश अर्थला जोडला जातो आणि मोटारीत तयार होणारी वीजच तिला जागच्या जागी थांबवते.

आमच्या देखाव्याचा जीव याच सोयीत आहे. निवेदन संपतं तेव्हा फणा कुठेही असो, तो खाली येऊनच थांबतो आणि पुढचा खेळ बरोबर पहिल्या शब्दावर सुरू होतो. ही सोय फुकट हातात असताना बाजारात वायरी मुळापासून छाटून मोटार विकतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून पोरांना मी बजावून पाठवतो: दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालतील, पण मोटार प्लगसकट घ्या.