गोरे, मृणाल केशव

(२४ जून १९२८–१७ जुलै २०१२). महाराष्ट्रातील समाजवादी नेत्या, मुंबईच्या नगरसेविका, आमदार, खासदार आणि राज्य विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या. माहेरचे आडनाव मोहिले. विद्यार्थिदशेत त्या राष्ट्र सेवा दलात आल्या आणि पुढे वैद्यकीय शिक्षण सोडून पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या. १९४८ मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. गोरेगाव हे दोघांचे कार्यक्षेत्र. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले. पदरी लहान मुलगी असताना मृणालताईंनी काम थांबवले नाही.

गोरेगाव १९५७ पर्यंत मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. मृणालताईंनी सार्वजनिक कामाचे पहिले धडे तिथल्या ग्रामपंचायतीत गिरवले. १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या. उपनगरे भराभर वाढत होती, पण नळ पोहोचत नव्हते. झोपडपट्टी अनधिकृत, म्हणून तिला पाणी नाही, असा प्रशासनाचा खाक्या होता. वस्ती अधिकृत असो वा नसो, माणसाला पाणी मिळालेच पाहिजे, ही भूमिका मृणालताईंनी महापालिकेत आणि रस्त्यावर लावून धरली. हंडा मोर्चे निघाले, अधिकाऱ्यांना घेराव पडले. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना याच काळात मिळाले.

१९७२ मध्ये समाजवादी उमेदवार म्हणून त्या विधानसभेत गेल्या. महाराष्ट्र तेव्हा मोठ्या दुष्काळात होरपळत होता. रेशनवर धान्य मिळेना, रॉकेल आणि खाद्यतेल दिसेनासे झाले. त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रिया तीत एकत्र आल्या. लाटणे मोर्चा आणि थाळीनाद ही या समितीची गाजलेली आंदोलने. त्यांचे वर्णन ‘गृहिणींचा उद्रेक’ एवढ्यावरच थांबवणे अन्यायाचे आहे. सकाळी मोर्चात ज्या भावाची तक्रार ऐकली, त्याचाच जाब मंत्र्याला सभागृहात विचारायचा, ही मृणालताईंची रीत होती. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना ही आयुधे त्यांनी पाणी, रेशन, रुग्णालये आणि स्त्रियांवरील अत्याचार यांसाठी वापरली. त्याआधी हे विषय सभागृहात येत नव्हते असे नाही, पण ते ‘किरकोळ’ गणले जात. ते किरकोळ नाहीत, हे त्यांनी तिथे प्रस्थापित केले.

आणीबाणीत त्या काही महिने भूमिगत राहिल्या. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. १९७७ मध्ये सुटका झाल्यावर उत्तर मुंबईतून जनता पक्षातर्फे त्या लोकसभेवर निवडून आल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा त्याच निवडणुकीतली. सहाव्या लोकसभेत केवळ १९ स्त्रिया होत्या. ही आजवरच्या सर्व लोकसभांमधली सर्वात कमी संख्या आहे. त्या १९ पैकी मुंबईच्या दोघी, मृणालताई आणि अहिल्याताई, एकाच मोर्चातून आलेल्या होत्या. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी देऊ केलेले आरोग्य खात्याचे मंत्रिपद मृणालताईंनी नाकारले. ती लोकसभा अडीच वर्षांतच विसर्जित झाल्याने दिल्लीतला त्यांचा काळ छोटा ठरला.

त्यांच्या संसदीय कारकिर्दीचे शिखर १९८५ नंतरच्या विधानसभेत आहे. गर्भजल परीक्षा मुळात गर्भातील जनुकीय व्याधी ओळखण्यासाठीची. ती मुलीचा गर्भ शोधून पाडण्यासाठी वापरली जाऊ लागली होती. केंद्र सरकारने १९७० च्या दशकातच सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानाला बंदी केली, पण खाजगी दवाखान्यांना ती लागू नव्हती आणि धंदा तिकडे फोफावला. १९८६ मध्ये मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत असल्याचे आढळले. स्त्री-संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि वैज्ञानिक यांनी याविरुद्ध मुंबईत मंच उभारला. ‘मुलगी नकोच असलेल्या घरात ती जन्मून तरी काय सुख पाहणार’ असा युक्तिवाद तेव्हा सुशिक्षित माणसे उघडपणे करत होती. अशा वातावरणात मृणालताईंनी १९८६ मध्ये लिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक विधानसभेत आणले.

अशासकीय विधेयकाचे बळ फार नसते. संसदेत आजवर अशी केवळ १४ विधेयके कायद्यात रूपांतरित झाली असून त्यांतले शेवटचे १९७० मधले आहे. बहुधा मंत्री आश्वासन देतात आणि सदस्य विधेयक मागे घेतात. मृणालताईंचे विधेयकही जसेच्या तसे मंजूर झाले नाही. मात्र बाहेर मंचाची मोहीम आणि आत पटलावरचे विधेयक, अशा दुहेरी दाबामुळे प्रश्न टाळणे शासनाला अशक्य झाले. शासनाने तज्ज्ञ समिती नेमली, मग स्वतःचे विधेयक आणले, आणि १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. संसदेने देशव्यापी कायदा केला तो १९९४ मध्ये. विधेयक संमत न होताही कायदा घडवता येतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण राज्याच्या विधिमंडळाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या कायद्यातील उणिवाही नोंदवायला हव्यात. खाजगी केंद्रे बंद न करता परवान्याखाली चालू ठेवली गेली आणि कुटुंबाच्या दबावाखाली चाचणी करून घेणारी स्त्रीही शिक्षेच्या कक्षेत आली. चळवळीने यावर तेव्हाच टीका केली होती. सोनोग्राफीने पुढे चित्र आणखी बिघडवले. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होती. हे अपयश अंमलबजावणीचे आणि समाजाचे आहे. १९८६ मध्ये ज्यांनी धोक्याची सूचना दिली, त्यांच्यावर ते लादता येणार नाही.

डिसेंबर १९८८ ते ऑक्टोबर १९८९ या काळात मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. त्यांच्यापूर्वी हे पद भूषवणारी एकच स्त्री होती, प्रतिभा पाटील.

निवाऱ्याच्या प्रश्नावर त्यांनी बाबूराव सामंत, प. बा. सामंत यांच्यासह नागरी निवारा परिषद स्थापन केली. कमाल जमीन धारणा कायद्यानुसार अतिरिक्त ठरलेली जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळवण्याचा हा लढा दीर्घकाळ चालला. त्यातून गोरेगावच्या दिंडोशीत सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो राबवून घ्यावा लागतो, हे त्यांनी इथे प्रत्यक्ष करून दाखवले. अत्याचारग्रस्त स्त्रियांना आधार देणारे ‘स्वाधार’ केंद्र गोरेगावच्या केशव गोरे स्मारक ट्रस्टमध्ये सुरू झाले. नव्वदच्या दशकात दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनातही त्या अग्रभागी होत्या. वसई येथे त्यांचे निधन झाले. गोरेगावातील एका उड्डाणपुलाला त्यांचे नाव दिलेले आहे.

मृणालताईंवरचे बहुतेक लेखन मोर्चे आणि तुरुंगवास यांभोवती फिरते. सभागृहातले त्यांचे काम त्यामुळे झाकले गेले आहे. विधिमंडळाच्या कार्यवाहीचे छापील खंड उपलब्ध आहेत. अभ्यासकांनी १९७२ नंतरचे आणि विशेषतः १९८५–९० चे खंड मुळातून वाचावेत.